माणूस एक, नावे तीन

गेल्या महिन्यात झरीच्या एका ऑनलाइन सेंटरवर आम्ही आमच्या चाचांसोबत दोन तास बसलो होतो. आधारवर 'शेख महंमद', रेशनकार्डावर 'मो. शेख', बँकेत 'मोहम्मद शे.'. फॉर्म भरणारा पोरगा म्हणाला, "चाचा, तुम्ही तर एकटेच अख्खी टोळी आहात!" चाचा हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही.

कारण ही नावे आता संगणक जुळवतो. २६/११ च्या आधी डेव्हिड हेडली मुंबईत अनेकदा येऊन गेला. मूळचा दाऊद गिलानी. २००६ मध्ये त्याने मुद्दाम नाव बदलले. अशा माणसाच्या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत विखुरलेल्या असतात. बँक, रेल्वे, विमान, टेलिफोन, आयकर यांच्या नोंदी तपास यंत्रणांना एकत्र पाहता याव्यात, म्हणून २००९ च्या डिसेंबरात तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी 'नॅटग्रिड'ची कल्पना मांडली. गरज खोटी नव्हती. त्या रात्री मुंबईत मेलेल्यांत मुसलमानही होते.

पण हिशोब करून पाहा. दहा लाख लोकांत शंभर जण खरोखर घातकी आहेत आणि यंत्र शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर सांगते, असे धरू. शंभरातले नव्याण्णव सापडतील. त्यांच्यासोबत सुमारे दहा हजार निर्दोषही यादीत येतील. म्हणजे यादीतल्या शंभर नावांपैकी खरे गुन्हेगार एखाददुसरेच.

आपल्याकडे पैनगंगेपलीकडे आदिलाबाद. निम्म्या घरांच्या सोयरिकी तिकडे, फोन कधी तिकडचा टॉवर पकडतो. हे यंत्राला कोण समजावणार?

शंकेची किंमत काय असते ते मालेगावला विचारा. २००६ च्या स्फोटात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले. तोवर अनेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली होती. ती चूक यंत्राची नव्हती, माणसांचीच होती. पण निदान त्या माणसांच्या तपासाला कोर्टात आव्हान देता आले.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मात्र सुरक्षेच्या कारणासाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राला देतो. मग चुकीने यादीत गेलेल्याने दाद कोणाकडे मागायची?

चाचांना परवा दुरुस्तीची पावती मिळाली. तीवर छापले आहे, 'शेक महमद'.