नवीन रॅक, जड स्टिअरिंग आणि 'चालवून सुटेल'

आज बागेवर नाही, गाडीवर लिहितोय. तोडणी तोंडावर आलेली असताना हा गाडीचं काय घेऊन बसला असं काहींना वाटेल. पण ज्यांच्या शेडमध्ये अजून जुनी अँबेसिडर किंवा मारुती उभी आहे आणि जे तिच्यात घरची माणसं बसवून रस्त्यावर नेतात, त्यांनी हे वाचावं. ट्रॅक्टरवाल्यांनीही वाचावं, कारण जे वाक्य माझ्या अंगाशी आलं ते त्यांनाही गॅरेजमध्ये ऐकवलं जातं.

वाक्य असं: "भाऊ, नवीन आहे ना, म्हणून जड आहे. हजारेक किलोमीटर चालवा, आपोआप सुटेल."

अण्णांची अँबेसिडर, डिझेल, १९८५ ची. तिचा स्टिअरिंग रॅक गेल्या महिन्यात बदलला. जुन्यात प्ले इतका झाला होता की चाक चार बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता नसायचा. नवीन बसवल्यावर प्ले गेला, हे खरं. पण स्टिअरिंग असं जड झालं की शेडमधून गाडी काढताना खांदे भरून यायचे, आणि वळवताना खालून कर्रकर्र आवाज. वस्तादने वरचं वाक्य ऐकवलं, मी मान डोलावली आणि गाडी घेऊन आलो. माझी पहिली चूक ती.

आठ दिवसांनी आईला घेऊन चांदोरीहून सायखेड्याला येत होतो. अंधार पडलेला. एका वळणावर समोरून उसाची जोडट्रॉली, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. मी गाडी डावीकडे घेतली, ट्रॉली गेली, हात सैल सोडले. आणि चाक सरळ आलंच नाही. चाळीस वर्षांची सवय अशी की वळण संपलं की चाक हातातून आपोआप माघारी येतं. ते तिथेच अडकून राहिलं आणि गाडी साइडपट्टी सोडून चारीकडे निघाली. दोन्ही हातांनी ओढून सरळ केली. आई एवढंच म्हणाली, "हळू घे रे." तिला काही कळलं नव्हतं. घरी आल्यावर चहाची कपबशी धरताना माझा हात थरथरत होता.

म्हणून माझं मत सरळ आहे. स्टिअरिंग 'चालवून सुटतं' हे मान्य करू नका. इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे नवीन रिंगा आणि बोअर एकमेकांवर बसायला थोडं चालवावं लागतं, आणि जी काही झीज होते ती ऑइलमधून फिल्टरला जाते, शिवाय आपण ते ऑइल बदलतो. रॅकमध्ये ना फिल्टर, ना ऑइल बदलायची पद्धत. तिथे दाते घासून सुटले तर घासलेलं लोखंड त्याच नळीत, त्याच दात्यांत फिरत बसतं. म्हणजे सुटतं ते झिजूनच सुटतं. आणि मधल्या काळात गाडी कोण चालवतं? आपणच, रस्त्यावर.

ज्यांना आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अँबेसिडर ही मूळची इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी सिरीज. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती १९५७ पासून बनायला लागली आणि मे २०१४ ला कारखाना थांबला. त्या काळात फियाट-पद्मिनीला स्टिअरिंगची बंद पेटी होती, जीपलाही पेटीच. अँबेसिडरला मात्र पहिल्यापासून रॅक आणि पिनियन. एका नळीत दातेरी दांडा आडवा सरकतो, स्टिअरिंगच्या खालच्या टोकाचं छोटं दातेरी चाक त्याला डावी-उजवीकडे ढकलतं, आणि दांड्याची दोन टोकं टायरॉडने पुढच्या चाकांना जोडलेली. मारुती ८०० ला हीच रचना. साधं काम आहे. दांडा पिनियनपासून मागे हटू नये म्हणून पाठीमागून एक गुटका स्प्रिंगने दाबून धरलेला असतो, आणि त्याच्या झाकणाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या, म्हणजे शिमा, घालून दाब ठरवतात. शिम जास्त झाली तर खडखड, कमी पडली तर दांडा जाम. माझ्या नवीन रॅकमध्ये शिम एकही नव्हती.

पण हे कळायच्या आधी तीन दिवस मी नुसता शिव्या देत होतो. मग शेजारच्या गावातल्या एका निवृत्त फिटरने रस्ता दाखवला. ते म्हणाले, "पार्टला शिव्या देऊ नको, आधी जड काय आहे ते शोध." त्यांची पद्धत इतकी साधी आहे की ती कुणालाही शेडमध्ये करता येईल.

पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, खाली भक्कम स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जाऊ नका. चाकं अधांतरी ठेवून स्टिअरिंग फिरवलं, तरी जडच. म्हणजे टायरच्या हवेचा किंवा रस्त्याचा दोष नाही. मग दोन्हीकडचे टायरॉड एंड चाकांपासून सोडवले. आता रॅक एकटा आणि चाकं एकटी. स्टिअरिंग फिरवलं तर अर्ध्या वाटेपर्यंत ठीक, मधे एका जागी घट्ट, पुढे परत सैल. त्यानंतर एकेक चाक हाताने धरून डावी-उजवीकडे वळवलं. उजवं लोण्यासारखं वळलं. डाव्याला मात्र दोन हात लावावे लागले.

इथे माझी मान खाली गेली. डाव्या बाजूच्या किंगपिनचा खालचा निप्पल ग्रीस घेतच नव्हता. काढून बघितला तर आत वाळलेला गाळ, सिमेंटसारखा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरलं तेव्हा ही गाडी शेडमध्ये चाकं बुडेपर्यंत उभी होती. २०१९ ला परत पाणी. आपण इंजिन उघडलं, गाद्या वाळवल्या, वायरिंग बदललं. खालचे ग्रीस पॉइंट कुणी बघितले? ट्रॅक्टरला मी दर पन्नास तासांनी ग्रीस मारतो, वहीत लिहून ठेवतो. अँबेसिडरला कधी मारलं होतं ते मला आठवेना. म्हणजे जडपणातला निम्मा वाटा माझा स्वतःचा होता आणि मी सगळा दोष नवीन पार्टवर ढकलून मोकळा झालो होतो.

उरलेला निम्मा मात्र पार्टचा आणि बसवणाऱ्याचा. रॅक चेसीला धरून ठेवणारे क्लॅम्प अर्धा-अर्धा फेरा सैल केले आणि ती मधली घट्ट जागा जवळपास गेली. म्हणजे बूड सपाट बसत नव्हतं, बोल्ट आवळले की नळीला पीळ पडत होता आणि आतला दांडा धरला जात होता. एका बाजूला योग्य जाडीची पट्टी घालून पातळी जुळवली. कॉलम आणि पिनियनचा जोडही ओढून-ताणून बसवला होता, तो सोडून परत सरळ रेषेत बसवला. मग मागच्या गुटक्याचं झाकण. शिमा न घालता झाकण दांडा अडेपर्यंत आवळायचं, फट फीलर गेजने मोजायची आणि त्या फटीपेक्षा किंचित जास्त शिम घालून बंद करायचं. किंचित म्हणजे किती, तो आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यावा. डब्याचा पत्रा कापून घालू नका, त्याची जाडी सारखी नसते.

आणि कर्रकर्र आवाज? आत वंगण नावालाच. जुन्या इंग्रजी धाटणीच्या रॅकमध्ये ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल घालतात. ते दोन्ही बाजूंच्या रबर बुटांत राहतं आणि दांडा सरकला की सगळीकडे पोचतं. नवीन नकली रॅकमध्ये कुठेतरी ग्रीसचा एक गोळा चोपडलेला असतो, बाकी कोरडं. पण ऑइल ओतायच्या आधी विकणाऱ्याला विचारा, कारण ग्रीससाठी बनवलेल्या काही रॅकला ऑइल धरणारं सील नसतं, सगळं खाली गळतं. माझ्यात सील होतं.

आता गाडी चालते. वळण संपलं की चाक हातातून सरकत माघारी येतं. शेवटी अलाइनमेंट करून घेतलं, ते विसरू नका. रॅक बदलला की टायरॉडचे आटे मागे-पुढे होतातच.

आता भांडणाचा मुद्दा. पार्ट विकणारा म्हणतो बसवणारा चुकला, बसवणारा म्हणतो पार्ट तसाच येतो. दोघांच्या मधे गिऱ्हाईक. मी पार्ट फोनवर मागवला, बिल कच्चं, त्यामुळे तोंड उघडायला जागा नाही. द्राक्षाच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल आपण चष्मा लावून वाचतो, बॅच नंबर लिहून ठेवतो. मग ज्या पार्टवर घरच्या माणसांचा जीव आहे त्याच्या खोक्यात एक कागद का नसावा? आत ऑइल की ग्रीस, शिमा घातल्यात की नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे. एवढं छापायला काय लागतं? आपण मागत नाही म्हणून ते देत नाहीत, असं माझं मत झालंय. वस्तादांनाही राग येईल, पण सांगतो. रॅक गाडीवर चढवायच्या आधी टेबलावर हाताने फिरवून बघायला पाच मिनिटं लागतात. तिथेच जड लागला तर गाडीवर हलका होणार नाही.

ट्रॅक्टरचं वेगळं नाही. ब्लोअर घेऊन बागेत ओळीच्या टोकाला दिवसभर वळणारा माणूस जड स्टिअरिंगने संध्याकाळी हात वर करू शकत नाही. पॉवर स्टिअरिंगची दुरुस्ती झाल्यावर जड लागलं तर बऱ्याचदा पाइपात हवा राहिलेली असते किंवा तेल कमी असतं. तिथेही 'चालवून सुटेल' ऐकून घरी येऊ नका.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. जुना रॅक मी वस्तादकडेच सोडला आणि तो भंगारात वजनावर गेला. फिटरकाकांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, "जुना कुठंय?" त्याचं बूड सपाट होतं, नळी कारखान्याची होती, बुश आणि बॉल बदलून तो परत उभा राहिला असता. अँबेसिडरचे असे मूळ पार्ट आता बनत नाहीत. कायद्याने गाडी व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात, आमचीला अजून वेळ आहे. तोवर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि तपासणी आहे, आणि तिथे स्टिअरिंगही बघतात.

कुणाच्या शेडमध्ये अँबेसिडरचा जुना रॅक, मोडका का असेना, पडला असेल तर कॉमेंटमध्ये कळवा. भंगाराच्या भावापेक्षा जास्त देईन आणि न्यायला मी स्वतः येईन.