भाषणात फुले, सातबाऱ्यावर फक्त भाऊ

आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दसारख्या गावात पुरोगामी विचार आला कुठून, असं विचारलं की आमचे वक्ते पुण्याकडे बोट दाखवतात. कॉलेजं, पुस्तकं, व्याख्यानमाला. साफ खोटं आहे हे. आमच्या पट्ट्यात हा विचार वाचनालयातून आला नाही. भटाच्या दक्षिणेनं आणि सावकाराच्या कर्जखतानं पिचलेल्या माणसांनी तो वावरात उभा केला, आणि त्याची किंमत पदरची मोजली.

२४ सप्टेंबर १८७३ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि दहा-बारा वर्षांत तो शेजारच्या जुन्नर तालुक्यात मुरला. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरची लग्नं भटाविना लावली. गावच्या जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून त्यांना कोर्टात खेचलं, प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं. लग्न स्वतःच्या घरचं, खर्च स्वतःचा, तरी जाब कोर्टात द्यायचा! पाटील मागे हटले नाहीत. त्याच दशकात जुन्नरच्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला. जमीन पडीक राहिली की आपल्याच कणगीत दाणा पडत नाही, हे त्यांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तरी त्यांनी नांगर धरला नाही.

आमच्याच आंबेगावातला, महाळुंगे पडवळचा बाबू गेनू तर मुंबईत गिरणीत राबणारा विशीतला गडी. १२ डिसेंबर १९३०ला विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडून मेला. डिंभे धरणाला आज त्याचं नाव आहे. त्या पाण्यावर तालुक्यातला ऊस उभा आहे, आणि त्याच पाण्याखाली पश्चिमेकडच्या आदिवासींची गावं गेली. त्यांच्याविषयी आमच्या व्यासपीठांवर चकार शब्द निघत नाही.

बिघडलं कुठे? १९३०च्या दशकात सत्यशोधकांतून वाढलेली ब्राह्मणेतर चळवळ तिचे पुढारी केशवराव जेध्यांबरोबर काँग्रेसमध्ये गेली. पुढे सोसायट्या आल्या, बँका आल्या, साखर कारखाने आले. याचं मला वाईट वाटत नाही. कुणब्याच्या हाती सत्ता यायलाच हवी होती. पण नकार देणाऱ्यांची नातवंडं वसुली करणाऱ्यांच्या खुर्चीत बसली आणि नकार द्यायची सवयच मोडली. उरला तो फोटोला हार. ११ एप्रिलला जोतीरावांना, ३ जानेवारीला सावित्रीबाईंना.

आणि आमच्या घरात काय चालतं? बाप गेल्यावर तेराव्याला बहिणींना साड्या नेसवतात. महिना-दोन महिन्यांत त्यांना गाडीत बसवून निबंधक कार्यालयात नेतात. हक्कसोडपत्र आधीच टाइप करून ठेवलेलं असतं. त्यांना कुणी ते वाचून दाखवत नाही. एक बाई माझ्यादेखत एवढंच म्हणाली, "सही नाही केली तर दिवाळीला कुठं जाऊ?" अंगठ्याचा ठसा घेतला, फोटो काढला, सातबाऱ्यावरून नाव गेलं. मुलीला बरोबरीचा वाटा देणारा कायदा महाराष्ट्रानं १९९४ला केला, देशानं २००५ला. तो आमच्या उंबऱ्याच्या आत यायला कुणी अडवला? मीच सांगतो. सभेत स्त्री-पुरुष समतेवर तासभर बोलणाऱ्या भावानं अडवला. गेली कित्येक वर्षं मी हे उघड्या डोळ्यांनी बघतोय आणि दर वेळी मला संताप येतो. भटाची दक्षिणा नाकारणाऱ्या माणसांचे वारस बहिणीचा घास गिळतात आणि वर स्वतःला सत्यशोधकांचे पाईक म्हणवतात. हा निव्वळ लबाडपणा आहे.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: पोरींना वाटा दिला तर वावराचे तुकडे पडतील, शेती परवडणार नाही. अहो, तुकडे भावाभावांत पडत नाहीत का? मोजणी आणून हातभर बांधासाठी वीस-वीस वर्षं तारखा खेळता, एकाच विहिरीवर पाळ्या लावून भांडता, तेव्हा शेती कुणाला परवडत असते?