चांदीचे बेट आणि चाकांवरचे घर



बाल्टिक समुद्रात, स्वीडनच्या मुख्य भूमीपासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर गॉटलंड हे बेट आहे. स्वीडनमधील हे सर्वांत मोठे बेट. तरीही त्याची लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी पन्नास किलोमीटर आणि वस्ती साठ हजारांच्या घरात. चुनखडीचे कडे, मेंढ्यांची कुरणे, पाइनची वने आणि जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास मावळणारा सूर्य यांसाठी प्रवासी तेथे जातात. परंतु पेढीवर, दुकानात किंवा अडतीच्या व्यवसायात वाढलेल्या माणसाला तेथे आणखी एक गोष्ट दिसते. एका व्यापारी समाजाकडे संपत्ती कशी आली, ती राखण्यासाठी त्याने काय केले आणि तरीही ती कशी निसटली, याचा सारा हिशेब या बेटावर उघडा मांडलेला आहे. तो वाचायचा तर बेटाला एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागते.

या प्रदक्षिणेसाठी कॅम्परव्हॅनसारखे दुसरे साधन नाही. आम्ही चौघांनी सहा दिवसांसाठी असे चाकांवरचे घर भाड्याने घेतले. त्यात झोपण्याची सोय, दोन शेगड्यांचा ओटा, लहान फ्रीज, पाण्याची टाकी आणि शौचालय असते. पाणी वेळेवर भरून घ्यायचे, सांडपाणी व शौचालयाची पेटी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची, गॅसवर लक्ष ठेवायचे आणि तळावर मुक्काम असेल तर विजेची तार जोडून घ्यायची. एवढा संसार सांभाळला की गाडी तक्रार करत नाही. शाकाहारी कुटुंबाला त्या दोन शेगड्यांचे मोल वेगळे सांगायला नको. घरून नेलेली मुगाची डाळ, भाजणी, मेतकूट व खाकरे आणि तेथील दुकानांत मिळणारे तांदूळ, दही, कोबी, फुलकोबी यांवर सहा दिवस सुखाने निघाले. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांना तर जूनमधील गॉटलंड फारच उदार वाटेल. दिवसभर भटकून आठ वाजता खिचडी चढवली, तरी पाने वाढेपर्यंत बाहेर स्वच्छ ऊन असते.

स्टॉकहोमच्या दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटरवर न्यूनेसहाम्न हे बंदर आहे. तेथून मोठी बोट गाड्यांसह तीन तासांहून थोड्या अधिक वेळात विस्बी या नगराला पोहोचते. गाडी चालवणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ पासून वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि दिवे भर दुपारीही लावावे लागतात. तिसरी गोष्ट मुक्कामाची. या देशात निसर्गात वावरण्याचा प्रत्येकाला हक्क आहे आणि १९९४ पासून तो राज्यघटनेतही नमूद आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून पायी जावे, रानातील बोरांसारखी फळे वेचावीत, घर आणि पीक यांपासून दूर एखादी रात्र तंबू ठोकावा, याला कोणी हरकत घेत नाही. अट एवढीच, की कोणाला उपद्रव होऊ नये आणि कशाची नासधूस होऊ नये. हा हक्क माणसाच्या पायांना आहे, मोटारीच्या चाकांना नाही. रस्ता सोडून रानात गाडी घालणे कायद्याने निषिद्ध असल्याने रात्री कॅम्परव्हॅन तळावर किंवा नेमलेल्या जागीच उभी करावी लागते.

विस्बीच्या जुन्या अरुंद गल्ल्या अशा गाडीसाठी नाहीत. म्हणून नगर शेवटी पाहायचे ठरवून आम्ही उत्तरेकडे वळलो. किनाऱ्याने जाताना लिकेर्सहाम्न या कोळ्यांच्या जुन्या बंदराजवळ कड्यावर चुनखडीचा एक उंच सुळका दिसतो. अशा सुळक्यांना तेथे ‘रौक’ म्हणतात. चाळीस कोटी वर्षांहूनही पूर्वी हा प्रदेश उष्ण कटिबंधातील उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्रातील प्रवाळभित्तींपासून येथील खडक घडला. पुढे लाटांनी त्यातील ठिसूळ भाग झिजवून नेला आणि कठीण गाभा तेवढा किनाऱ्यावर उभा राहिला. या रौकांचे सर्वांत भव्य दर्शन उत्तर टोकाच्या फोरो या लहान बेटावर, लांगहम्मार्स आणि डीगेरहूवुद येथे घडते. फोरोसुंद गावातून गाड्यांसह काही मिनिटांत पलीकडे नेणारी बोट विनाशुल्क आहे. शीतयुद्धाच्या काळात लष्करी कारणांमुळे परकीयांना या बेटावर प्रवेश नव्हता. चित्रपट दिग्दर्शक इंगमार बर्गमन १९६० मध्ये चित्रीकरणाच्या निमित्ताने तेथे आले, पुढे तेथेच राहिले आणि २००७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर फोरोच्या चर्चच्या आवारातच त्यांना दफन करण्यात आले. तो किनारा पाहिला की त्यांना तेथे का राहावेसे वाटले, हे सांगावे लागत नाही.

फोरोहून परतून पूर्व किनाऱ्याने खाली आले की स्लीते गाव लागते. त्याच्या जवळच स्पिलिंग्स नावाचे एक शेत आहे. १९९९ च्या जुलै महिन्यात त्या शेतात जमिनीखाली चांदी सापडली आणि ती मोजता मोजता तज्ज्ञ थक्क झाले. एकूण वजन सुमारे ६७ किलो, त्यात १४,००० हून अधिक नाणी आणि शेकडो कडी. व्हायकिंग काळातील चांदीचा याहून मोठा साठा आजवर कोठे मिळालेला नाही. नाणी बहुतांशी अरबी दिरहम होती. आजच्या इराक, इराणकडील टांकसाळींत पाडलेली आणि इसवी सनाच्या नवव्या शतकात येथे पुरलेली.

एवढी चांदी या शेतकऱ्यांकडे आली ती व्यापारातून. गॉटलंडचा शेतकरी वर्षाचा काही काळ नांगर धरी आणि काही काळ वल्हे. तो समुद्र ओलांडून रशियातील नद्यांच्या मार्गाने पूर्वेकडे जाई. उत्तरेची फर, मेण आणि, हेही सांगायला हवे, गुलाम म्हणून पकडलेली माणसे त्या बाजारांत विकली जात आणि मोबदल्यात चांदी येई. नाण्यावरच्या अक्षरांशी कोणाला कर्तव्य नव्हते. चांदी तराजूत तोलली जाई आणि वजन पुरते करण्यासाठी नाणे कातरूनही दिले जाई. आपल्या सराफकट्ट्यावर जन्म काढलेल्या माणसाला त्या काळचे लहान तराजू पाहून परकेपणा वाटणार नाही. बेटावर असे लहानमोठे सातशेहून अधिक साठे सापडले आहेत. स्पिलिंग्सचा साठा आता विस्बीच्या संग्रहालयात आहे. काचेआड तो हिरवट-काळसर ढीग पाहताना मन चमकते ते त्याच्या आकाराने नव्हे. पुरणाऱ्याला ती चांदी कधीच वापरता आली नाही, आणि त्याच्या मुलाबाळांनाही नाही.

पुढील पिढ्यांनी चांदी दगडात घातली. बेटाच्या ग्रामीण भागात नव्वदहून अधिक मध्ययुगीन चर्च आहेत. वळणागणिक एक मनोरा दिसावा, एवढी ती दाट आहेत. शेलुंगे गावच्या चर्चपाशी थांबलो तेव्हा तिचा आकार प्रथम चमत्कारिक वाटला. वेदीचा भाग उंच आणि प्रशस्त, त्याला जोडलेला सभामंडप मात्र जुना आणि ठेंगणा. गावाने जुने चर्च टप्प्याटप्प्याने पाडून नवे मोठे बांधायला घेतले होते. पहिला टप्पा झाला आणि पैसा आटला. चौदाव्या शतकाच्या मध्यावर आलेली प्लेगची साथ, त्यानंतरचे युद्ध आणि दूर गेलेला व्यापार यांची नोंद त्या अर्धवट इमारतीत स्पष्ट वाचता येते.

दक्षिणेकडे जाताना वने विरळ होतात, आभाळ मोठे होते आणि रस्त्याच्या कडेला शेतकऱ्यांची लहान दुकाने लागतात. लाकडी मांडणीवर बटाटे, स्ट्रॉबेरी, मधाच्या बरण्या. भावाची पाटी, शेजारी पैशांचा डबा किंवा मोबाइलवरून पैसे भरण्याचा क्रमांक. विकणारा कोठेच दिसत नाही. तो शेतावर असतो. गिऱ्हाईक स्वतः मोजते, स्वतः भरते आणि निघून जाते. आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर चिठ्ठी-चपाटीवाचून लाखांचे व्यवहार शब्दावर होत, त्याची आठवण झाली. मालावर पहारा ठेवण्याचा खर्च वाचतो, तो शेतकऱ्याचा खरा नफा. दक्षिण टोकाला हूबुर्गेनचा कडा आहे. तेथील एका खडकाला म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचा आकार आला आहे आणि लोक त्याला ‘हूबुर्गेनचा म्हातारा’ म्हणतात. त्याला पाहून गाडी पश्चिम किनाऱ्याने पुन्हा विस्बीकडे वळवली.

विस्बी हे पूर्वी बाल्टिकचे व्यापारी केंद्र होते. गॉटलंडच्या व्यापाऱ्यांची रशियातील नोव्गोरोद येथे स्वतःची वखार होती. मागोमाग जर्मन व्यापारी आले आणि विस्बीत स्थायिक झाले. १२२५ मध्ये प्रतिष्ठापना झालेले तेथील सेंट मेरीचे कॅथेड्रल त्यांनीच उभारले. नोव्गोरोदच्या जर्मन वखारीची शिल्लक याच चर्चमधील पेटीत ठेवली जाई आणि पेटीच्या चार किल्ल्या विस्बी, ल्यूबेक, झोस्ट व डोर्टमुंड या चार नगरांच्या प्रतिनिधींकडे असत. चौघे एकत्र आल्यावाचून पेटी उघडत नसे. भागीदारीचा एवढा नेटका नियम आजही कोणत्याही पेढीला शोभेल.

चार परक्या नगरांचा असा मेळ बसवणाऱ्या विस्बीला आपल्याच बेटावरील शेतकऱ्यांशी मात्र जमवून घेता आले नाही. शेतकरी जुने व्यापारी. त्यांना थेट समुद्रावर जायचे होते. नगराला सारा व्यापार आपल्या वेशीतून हवा होता. तेराव्या शतकात नगराभोवती सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली. तिचे मोठे बुरूज आणि खंदक समुद्राकडे नाहीत, जमिनीकडे आहेत. १२८८ मध्ये नगर आणि ग्रामीण भाग यांच्यात उघड युद्ध झाले आणि नगर जिंकले. स्वीडनचा राजा मॅग्नस याने मध्यस्थी करून नगरवासीयांना दंड केला. भिंत मात्र राहिली, आणि पुढे आणखी उंच झाली.

२७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा वाल्डेमार सैन्यासह याच भिंतीपुढे आला. त्याला अडवायला शेतकरी उभे राहिले. वेशी उघडल्या नाहीत. सुमारे १,८०० शेतकरी भिंतीच्या समोर मारले गेले. त्यांना सामुदायिक खड्ड्यांत, पुष्कळांना अंगावरील चिलखतासकट पुरण्यात आले. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा त्यांत किशोरवयीन मुलांचे, वृद्धांचे आणि अपंगांचे सांगाडेही मोठ्या संख्येने मिळाले. लढाईनंतर दोन दिवसांनी नगराने शरणागती पत्करली आणि राजाने त्याचे व्यापारी हक्क कायम ठेवले. राजाने चौकात तीन पिंपे ठेवून ती सोन्याचांदीने भरायला लावली, अशी दंतकथा आहे. चित्रकार हेल्क्विस्ट याने १८८२ मध्ये तिच्यावर एक प्रसिद्ध चित्र रंगवले.

हक्क राहिले, पण व्यापार राहिला नाही. त्याचा ओघ आधीपासूनच वळू लागला होता. मोठी जहाजे विस्बीला न थांबता थेट पुढे जात आणि ल्यूबेकचे महत्त्व वाढत होते. अशा वेळी ज्या शेजाऱ्यांच्या बळावर नगर तग धरू शकले असते, त्यांनाच ते भिंतीबाहेर मरताना पाहून बसले होते. पुढे समुद्री लुटारू आले, धर्मयोद्ध्यांचा संघ आला आणि १५२५ मध्ये खुद्द ल्यूबेकने विस्बीवर हल्ला केला. नगरातील चर्चच्या अनेक वास्तू छपरावाचून उभ्या आहेत. त्यांच्या कमानींमधून आता गुलाब फुलतात. १६४५ मध्ये बेट स्वीडनकडे आले. १९९५ पासून विस्बी जागतिक वारसास्थळ आहे.

व्यापारी माणूस सुरक्षिततेसाठी दोनच उपाय आधी शोधतो: माल दडवणे आणि दार लावणे. गॉटलंडने दोन्ही उपाय मनापासून करून पाहिले. पुरलेली चांदी संग्रहालयात पोहोचली आणि भिंत पर्यटकांची झाली. बेटावर जे टिकले ते शेत, आणि रस्त्याकडेची ती बिनमालकाची मांडणी. आपल्या बाजारपेठांत नवी भिंत प्रत्येक पिढी नव्या नावाने बांधते. कधी ती लहान पुरवठादाराला दूर ठेवते, कधी गावाकडच्या शेतकऱ्याला. ती बांधताना विस्बीचे बुरूज कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, एवढे आठवावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे. जुलैमध्ये गर्दी फार असते, म्हणून बोटीवर गाडीची जागा खूप आधी राखावी. ऑगस्टमध्ये विस्बीत मध्ययुगीन सप्ताह भरतो. मुले सोबत असतील तर नगराजवळील क्नेइप्पबीन येथे ‘पिप्पी लाँगस्टॉकिंग’ या दूरदर्शन मालिकेतील घर आहे. तेथील केशराचा गोड पदार्थ तांदळाच्या खिरीसारखा दिसला तरी त्यात अंडी असतात, हे ध्यानात असावे. आणि भिंतीबाहेर थोडे चालले की कुरणात, जेथे त्या शेतकऱ्यांना पुरले, तेथे दगडाचा एक जुना क्रूस उभा आहे. नगराच्या बाजारात शिरण्याआधी तेथे जाऊन यावे.