खोलीत वटवाघूळ शिरले तर

तिन्हीसांजेला खिडकीतून एखादे वटवाघूळ आत शिरते आणि घरातला जो तो झाडू शोधू लागतो. वाचकहो, झाडू राहू द्या. आधी छताचा पंखा बंद करा. पात्याचा फटका बसलेले वटवाघूळ अंथरुणावर पडते आणि भयाने चावते. मग आजी-आजोबांना दुसऱ्या खोलीत न्यावे, मधले दार लावावे, दिवा मालवून बाहेरची खिडकी सताड उघडावी. बहुधा ते आपणहून निघून जाते.

जमिनीवर निपचित पडलेले वटवाघूळ मेलेलेच असते असे नाही. त्याची घडणच निराळी आहे. अमेरिकेतील वायोमिंग येथे त्यांचे सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत. त्यांतही पंख पूर्ण विकसित दिसतात. हा पंख म्हणजे मुळात हातच. चार बोटे लांबली, त्यांवर कातडे ताणले गेले, अंगठा तेवढा नखासह मोकळा राहिला. मागचे पाय मात्र लटकण्यासाठी घडलेले. त्यामुळे बहुतेक वटवाघळांना सपाट जमिनीवरून उडणे जड जाते. त्यावर खोके पालथे घालावे, खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि अंधार पडल्यावर खोके झाडाच्या खोडाशी आडवे टेकवून उघडावे. उघड्या हाताने स्पर्श नको.

आपल्याकडे रेबीज मुख्यत्वे कुत्र्यांमुळे होतो, हे खरे. तरीही वटवाघळाच्या दंशाला जागतिक आरोग्य संघटना तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरते. दात सुईसारखे बारीक असल्याने जखम दिसतही नाही. स्मृतिभ्रंश झालेली किंवा गाढ झोपलेली वृद्ध व्यक्ती चावल्याचे सांगू शकत नाही. तिच्या खोलीत सकाळी वटवाघूळ आढळले, तर दंश झालाच असे समजून चालावे. जखम दिसल्यास साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लक्षणे उमटल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

महाबळेश्वरच्या गुहेतून २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या होत्या. घाबरण्याचे कारण नाही. मात्र झाडाखाली पडलेला, कुरतडलेला पेरू वा आंबा, कितीही गोड दिसला तरी, नातवंडांना देऊ नये.

आणि दम्यावर वटवाघळाचे मांस खाण्याचा सल्ला अजूनही कोणी देतो, तो ऐकून रुग्ण माझ्याकडे विचारायला येतात. त्यांना मी एकच विचारतो: श्वासाचा पंप रोज घेता ना?