दिवसा झोपणारं माणूस

सकाळी चाकणकडून कंपनीच्या बस परततात. रात्रपाळी करून आलेला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा घरी येऊन कोपऱ्यात आडवा होतो. त्याच खोलीत कुकरची शिट्टी होते, टीव्ही लागतो आणि शेजारीण दारातून विचारते, "अजून झोपलाय? लग्नाचं काय ठरलं?"

देहूरोडला आमच्या वडिलांच्या पिढीत डेपोत किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीत कायम झालं, की लग्न आणि वेगळी चूल ठरलेली असायची. आता काम कंत्राटी, मधेच ब्रेक. खोलीचं डिपॉझिट आणायचं कुठून? म्हणून मुलं आई-वडिलांजवळ राहतात, कमावत्या मुलीही राहतात. याला नाकर्तेपणा म्हणणं आम्हाला पटत नाही. "लग्न झालं की मार्गी लागेल" म्हणून घाई केली, तर त्याच खोलीत आणखी एक माणूस वाढतं. झोपायची जागा तेवढीच राहते.

आणि खरा प्रश्न झोपेचाच आहे. मोठ्या माणसाला रोज निदान सात तास झोप लागते. दिवसाची झोप मुळातच हलकी. ती वर्षानुवर्षं तुटत राहिली, की बीपी, साखर वाढण्याचा धोका वाढतो, मशीनवर डुलकी लागून हात जाण्याची भीती वेगळीच. परळच्या चाळीत रामजी सुभेदारांकडे एकच खोली होती. भिवाला ते लवकर झोपवत, रात्री दोनला अभ्यासाला उठवत आणि मग त्याच्या जागी स्वतः आडवे होत. जागा नव्हती, पण झोपेची वाटणी होती.

आपल्याकडे अशी वाटणी बहुतेक आईच्या अंगावर येते. तीन पाळ्यांचे तीन डबे, त्यात तिची बीपीची गोळी राहून जाते. मुलगी पाळी करून आली तरी भाकरी तिनंच थापायची, मुलगा मात्र 'दमलाय'. तो दमतो, खरं आहे. पण पाणी भरणं, स्वतःचा डबा घासणं, महिन्यातून एकदा आईला बीपी तपासायला नेणं त्याला जमण्यासारखं आहे. पगारातला किती भाग घरात द्यायचा, हेही एकदा बसून बोलावं. रोजच्या टोमण्यांपेक्षा ते बरं.

आमच्या गल्लीत एका घरानं भिंतीवर पाळीचा कागद लावलाय. खिडकीला जुनी गोधडी, दुपारी दोनपर्यंत टीव्ही बंद. पाळीच्या शेवटच्या तासांत मुलगा चहा घेत नाही, झोपताना मोबाईल बहिणीकडे देतो. शेजारणीला मात्र अजून दारातच थांबवावं लागतं.