पाचोळा, चोथा आणि शेजार

चरकसंहितेतील विमानस्थानाचा तिसरा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेपुरता तरी पाठ केलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची, भिन्न वयाची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने पीडित होतात, असे भगवान पुनर्वसु आत्रेय गंगातीरी अग्निवेशास सांगतात. भूमी नीरस होण्यापूर्वी औषधी संग्रहित करून ठेव, असेही बजावतात. या बिघाडाचे मूळ ते अधर्मात आणि त्याच्याही मुळाशी असलेल्या प्रज्ञापराधात पाहतात.

मला हा अध्याय दर फाल्गुनात आठवतो. आमच्या वसाहतीत कडुनिंब पुष्कळ. त्यांची पानगळ सुरू झाली की सकाळी सहाच्या सुमारास कोठे ना कोठे पाचोळ्याचा ढीग पेटतो आणि दहा वाजता तमकश्वासाचे रुग्ण दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतात. त्यांना कनकासव द्यावे, वासा द्यावी आणि धूर मात्र तसाच राहू द्यावा, हे निदानपरिवर्जनाच्या कोणत्या तत्त्वात बसते?

काही वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याविरुद्ध मी लेखी तक्रार केली. कायदा माझ्या बाजूने होता. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच दिलेला होता. तक्रारीची दखल घेतली गेली, ढीग पेटणे थांबले. परंतु त्या गृहस्थांनी आमच्याशी बोलणे सोडले. त्यांच्या वृद्ध मातोश्री संधिवातासाठी माझ्याकडे नियमित येत असत, त्यांचेही येणे बंद झाले. पुढच्या वर्षी ढीग पुन्हा पेटला, फक्त पहाटे चार वाजता. तक्रार खोटी नव्हती, एवढेच समाधान माझ्या पदरी राहिले.

त्यानंतर जे कळले ते थोडे लाजिरवाणे आहे. एका तिऱ्हाईताकरवी त्यांचा निरोप आला, "वैद्यबुवांनी आधी आपल्या मागच्या दाराला काय साचते ते पाहावे." आमच्या छोट्या फार्मसीत काढे उकळून उरलेला चोथा मागील नाल्यालगत टाकला जात असे. वनस्पतीच ती, कुजून जाईल, अशी आमची समजूत. ओला, आंबलेला, माशा घोंगावणारा तो ढीग त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येत होता! औषधनिर्मात्या बंधूंनी आपापले मागील दार एकदा पाहावे, एवढी विनंती येथे करतो. भट्टीच्या धुराविषयी वेगळे लिहीत नाही.

मी स्वतः त्यांच्या घरी गेलो, चोथ्याबद्दल क्षमा मागितली आणि पाचोळ्याचा विषय काढलाच नाही. फक्त विचारले, "तुमच्याकडचा वाळलेला पाला मला द्याल का? नुसता चोथा ओला राहतो, त्याला दुर्गंधी सुटते. मधे सुका थर असला तर खत उत्तम होते." त्यांनी पोती भरून पाला पाठवला. एक थर पाल्याचा, एक चोथ्याचा, वर मूठभर माती, आठवड्यातून एकदा उलथणे. तीन-चार महिन्यांत खत तयार झाले. पहिली पाटी त्यांच्याच गुलाबांना गेली.

वैद्याचा शब्द शेजारी ऐकतात, हे खरे. पण तो उपदेशाच्या सुरात आला की ऐकत नाहीत. पथ्य सांगताना आपण रुग्णास अपराधी ठरवीत नाही, त्याच्या ताटात काय आहे ते प्रथम विचारतो. तीच रीत येथेही. २०२० च्या महामारीत लोकांनी गुळवेल मुळासकट ओरबाडली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी गुळवेल घ्या म्हणताना ती कशी घ्यावी हेही सांगितले? अंगठ्याएवढे जाड कांड कापावे, मूळ राखावे, एक तुकडा पुन्हा मातीत खोचावा, तो फुटतो. मी हल्ली रुग्णास औषधासोबत असा तुकडाही देतो. ज्याने वेल लावली त्याला कडुनिंब तोडू नका असे वेगळे सांगावे लागत नाही, कारण वेलीला चढायला झाड हवेच असते. अर्जुनाची साल सर्व बाजूंनी सोलली तर झाड मरते, हेही साल आणून देणाऱ्याशी भाव ठरवतानाच बोलावे. नंतर बोलून उपयोग नसतो.

मातोश्री आता पुन्हा येतात. मात्र वसाहतीने अंतर्गत रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचे ठरवले आहे आणि आराखड्यात ते बकुळीच्या बुंध्यापर्यंत गेलेले दिसतात. पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचणार नाही. वार्षिक सभेत बोलायचे आहे. झाडांच्या जतनाचा १९७५ चा अधिनियम मी घरीच ठेवणार आहे. बुंध्याभोवती चार फूट माती मोकळी सोडली तर किती ब्लॉक वाचतील आणि किती खर्च कमी होईल, याचा हिशेब शेजारच्या गृहस्थांनी मांडून दिला आहे.