काचेवरचा हात

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखान्यांची वसाहत फोफावली; आज तेथून चाकणपर्यंत कित्येक कचेऱ्या काचेने मढलेल्या दिसतात, आणि त्या काचा पुसण्यासाठी दोराच्या आधाराने अधांतरी बसणाऱ्या माणसाकडून काम लवकर उरकण्याची अपेक्षा करताना आपण केवळ घड्याळाकडे पाहतो, हे मला मनापासून खटकते.

वास्तविक या कामातील वेग हातघाईत नसून क्रमात आहे. साबणाचे पाणी लावून रबरी वायपर किंचित तिरका धरून वरून खाली ओढावा आणि प्रत्येक ओढीनंतर त्याची कड कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी. ही क्षणार्धाची क्रिया वगळली की ओघळ उमटतात आणि तीच काच पुन्हा पुसावी लागते. तापलेल्या काचेवर साबण पुसण्यापूर्वीच वाळतो, म्हणून पश्चिमेची बाजू सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर घ्यावी, हे कामगारास पक्के ठाऊक असते. परंतु वेळ ठरवण्याचा अखत्यार त्याच्याकडे नसतो. कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार वाळून जे पांढुरके ठिपके राहतात, त्यांचा ठपकाही त्याच्याच माथी येतो.

ठेक्याच्या करारनाम्यात चौरस फुटाचा दर आवर्जून लिहिला जातो. त्याच कागदावर मऊ पाण्याची तरतूद, वादळवाऱ्यात काम तहकूब ठेवण्याचा हक्क आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी नमूद व्हावी, अशी कारखानदारांस माझी आग्रहाची विनंती आहे.